कर्नल का पडला

होटगी रोडवरच्या कचेरीत बुद्धप्रिया सरवदे कामाला लागली, त्या संध्याकाळीच तिच्या आईनं विचारलं होतं, "करतीस काय तितं?"

"दवाखान्यांत सीटी स्कॅन काढतात ना आई, ती चित्रं आमच्या सर्व्हरवर साठवतात. डॉक्टरला हवी तेव्हा दिसली पाहिजेत. ते सर्व्हर मी सांभाळते."

केसरबाईंची उभी हयात सरकारी दवाखान्यात आयाचं काम करण्यात गेली होती. एक फिल्म हरवली की नातेवाइकांची कशी धावपळ होते, ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं. "मग चांगलं काम हाय की," एवढंच त्या म्हणाल्या.

काम चांगलं होतंच. पण यंदाच्या उन्हाळ्यापासून एक सर्व्हर अधूनमधून कोसळायला लागला. पडद्यावर आकड्या-अक्षरांची रांग यायची आणि मशीन गप्प व्हायचं. जोडीचा सर्व्हर काम उचलायचा म्हणून दवाखान्यांचं अडत नसे, पण जीव टांगणीला लागायचा. मशीनची देखभाल करणारा गुरुशांत ते बंद करून पुन्हा चालू करायचा आणि गाडं रुळावर यायचं. सोलापूरचा मे महिना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको; सगळ्यांनी दोष उन्हावर ढकलला. नवा एसी आला. पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि लोक स्वेटर घालून कामावर येत असताना सर्व्हर पुन्हा आडवा झाला.

"आता उन्हाचं नाव घ्यायची सोय राहिली नाही," बुद्धप्रिया म्हणाली.

"मग मशीन बदलू," गुरुशांत म्हणाला.

"बदल. पण हा कर्नलच पडतोय असं मला वाटतंय."

हेच ती घरी फोनवर कुणाला तरी सांगत होती, तेव्हा केसरबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "कर्नल पडला? लष्करातला का गं? लागलं का लई?"

बुद्धप्रिया हसून हसून खाली बसली. मग तिनं नीट सांगितलं, की मशीनच्या अगदी मुळाशी सगळा कारभार चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुठली फाइल डिस्कवर कुठं ठेवली, हे सांभाळणारी फाइल सिस्टीम त्याच्याच पोटात असते. तिथं काही बिनसलं की सगळंच बसतं.

गुरुशांतनं मशीन बदललं आणि आठवड्याभरात नवं मशीनही कोसळलं. तेव्हा मात्र दोघांच्या प्रमुख महेश्वरी मॅडम म्हणाल्या, "बुद्धप्रिया, तुला काय लागेल ते सांग."

तिला एकच गोष्ट हवी होती. कोसळण्याच्या क्षणी मशीनच्या मेमरीत काय होतं, त्याची प्रत. तशी सोय होती, पण त्या प्रतीसाठी राखून ठेवलेली जागा अपुरी पडायची आणि प्रत अर्धवट राहायची. बुद्धप्रियानं ती जागा वाढवली आणि सर्व्हर पडायची वाट बघत बसली. आता तो पडेना. रोज सकाळी गुरुशांत विचारायचा, "पडला का?" आणि ती तोंड पाडून म्हणायची, "नाही रे."

शेवटी एका मंगळवारी पडला, आणि प्रत पूर्ण मिळाली.

पुढचे दिवस ती त्या प्रतीतच बुडून गेली. जेवताना घास हातात राहायचा. केसरबाईंनी विचारलं, "सापडलं का काई?"

"थोडं सापडलं. असं बघ, पंगतीत एक जण जेवतोय. त्याचं झालं असं समजून दुसरा पत्रावळ उचलून नेतो. जेवणाऱ्याचा हात जातो पत्रावळीवर, आणि तिथं पत्रावळच नाही. तसं झालंय. जेवणारा कोण ते कळलं. दर थोड्या वेळानं सगळ्या साठ्याची एक झटपट नोंद धरली जाते, ते काम. पण पत्रावळ कोण उचलतंय?"

"पंगतीत कोण बसलं हुतं त्ये बघ की."

आई सहज बोलली, पण बुद्धप्रियाही त्याच वाटेवर होती. दुसऱ्या दिवशी त्या प्रतीत ती मोडलेल्या जागेवरच्या फाइलचं नाव शोधत राहिली. सापडलं. फाइल सांगोल्याच्या स्कॅन सेंटरची होती, आणि अर्धीच पोचलेली होती. सांगोल्याची लाइन मध्येच तुटायची, अर्धवट फाइल सर्व्हर साफ करायचा, म्हणजे पत्रावळ उचलायचा, आणि नेमकी तेव्हाच नोंद धरणं चालू असलं की घात व्हायचा.

आता हे मुद्दाम घडवून दाखवायला हवं होतं. तिनं एक जुनं मशीन चाचणीसाठी मांडलं, त्यावर नुसत्या खोट्या फाइली जातील अशी व्यवस्था केली आणि सांगोल्याच्या तंत्रज्ञाला, रामहरीभाऊंना, फोन लावला.

"भाऊ, मी सांगेन तेव्हा इंटरनेटची तार काढायची."

पलीकडून रामहरीभाऊ म्हणाले, "मॅडम, आजवर समद्यांनी मला तार नीट लाव म्हणूनच सांगितलं. काढा म्हणनाऱ्या तुमी पयल्याच."

"काढा, लावा, पुन्हा काढा. कंटाळा येईल, पण थांबू नका."

"कंटाळा कशाचा? लई दिवसांचा राग हाय त्या तारंवर."

दुपारभर हाच खेळ चालला. फोन स्पीकरवर ठेवलेला, रामहरीभाऊ तिकडून "काढली", "लावली" म्हणताहेत, बुद्धप्रिया साठ्याच्या नोंदी भराभर धरायला लावतेय, आणि मागं गुरुशांत, महेश्वरी मॅडम, हिशेब विभागातले दोघं असे सगळे येऊन उभे. चहा गार झाला. मशीन काही पडेना.

"काढली," रामहरीभाऊ म्हणाले.

पडदा भरून आकडे आले आणि मशीन बसलं. तीच रांग, तीच ओळ.

"पडला," बुद्धप्रिया म्हणाली, आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पलीकडून रामहरीभाऊ घाबरून विचारत होते, "मॅडम, काय झालं? काई मोडलं का माज्याकडनं?"

"मोडलं भाऊ. लई भारी मोडलंत."

तिनं सगळा प्रकार फाइल सिस्टीम सांभाळणाऱ्या मंडळींना कळवला. हा कर्नल जगात कुणालाही वापरता-सुधारता येतो; त्याची ती माणसं जगभर विखुरलेली, एकमेकांना मेलवरूनच ओळखणारी. एकानं दोन प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, शिवाय कुठल्या ठिकाणी आधी 'अजून कुणी वापरतंय का' हे विचारायला हवं, तेही लिहिलं. काही दिवसांनी दुरुस्ती आली. मोजक्याच ओळी. ती चाचणीच्या मशीनवर घातली आणि रामहरीभाऊंनी पुन्हा मन भरेपर्यंत तार उपटली. मशीन ढिम्म हललं नाही.

दुरुस्ती कर्नलमध्ये कायमची गेली, तेव्हा तिच्याखाली दोष शोधणारी आणि चाचणी करणारी म्हणून बुद्धप्रिया सरवदे हे नाव होतं. महेश्वरी मॅडमनी कचेरीत जेवण ठेवलं आणि केसरबाईंना आणायला गाडी पाठवली. रामहरीभाऊही डाळिंबांची पेटी घेऊन एसटीनं आले.

सर्व्हरच्या गार खोलीत केसरबाईंनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. लुकलुकणाऱ्या दिव्यांकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, "तुजं नाव यातल्या कुटल्या मशिनीत हाय?"

"दुरुस्ती सगळ्यांत आहे, आई, आणि दुरुस्तीच्या नोंदीत माझं नाव. पुढं पुढं ती बाहेरच्या देशांतल्या मशीनांतही जाईल."

केसरबाई रामहरीभाऊंकडं वळून म्हणाल्या, "आडनाव बी लिवलंय का इचारा."

"लिवलंय की मावशी, म्या सोता बघितलंय," रामहरीभाऊ म्हणाले.

मग सगळे बाहेर उन्हात येऊन बसले. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही आणि वांग्याचं भरीत होतं. केसरबाईंनी लेकीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि या वेळी तिनं ती सगळी खाल्ली.