हाताचा दर वेगळा

गुळाच्या बाजारात हमाली करत करत मी स्वतःचं अडत दुकान उभं केलं, तोवर आई गेली होती. तिचा फोटो एकच, मुरगूडच्या एका लग्नातला. चाळीस बायकांच्या घोळक्यात बोटाच्या पेराएवढा चेहरा. ब्याण्णव-त्र्याण्णव साली तो घेऊन मी एका चित्रकाराकडं गेलो. गेलेल्या माणसांची तैलचित्रं तो फोटोवरून करून द्यायचा. त्याला कोल्हापुरात कुणी विचारत नव्हतं, म्हणूनच गेलो. ज्याला कुणी विचारत नाही तो स्वस्तात पडतो.

त्यानं दर सांगितला. नुसत्या चेहऱ्याचा एक, कमरेपर्यंतचा दुप्पट, आणि हात दाखवायचे तर प्रत्येक हाताचे पैसे वेगळे. मी भडकलो.

"माझी आई काय बिनहाताची जल्मली व्हती?"

तासभर घासाघीस झाली. शेवटी एक हात ठरला. चित्र आलं तेव्हा आईचा उजवा हात मांडीवर, आणि डावा कोपराखाली करड्या रंगात विरघळलेला. पदराखाली झाकायचा तरी! त्यानं तो मुद्दाम झाकला नाही, हा राग मी दहा-बारा वर्षं सांभाळला.

मग चित्रकार वारला आणि लगोलग थोर झाला. जिवंतपणी ज्यांनी त्याला कपभर चहा पाजला नाही, त्यांनी प्रदर्शन भरवलं. माझ्या घरी येऊन, माझाच चहा पिऊन, ते चित्र मागून घेऊन गेले. चित्र कुणाचं ते मी सांगितलं होतं. आईचं नाव कागदावर लिहून दिलं होतं.

उद्घाटनाला गेलो तर चित्राखाली चिठ्ठी: 'अनामिक कष्टकरी स्त्री. खाजगी संग्रह.' पुण्याहून आणलेले एक समीक्षक लोकांना समजावत होते, "हा विरलेला हात पाहा. समाजानं स्त्रीचे श्रम नाकारले, त्याची ही खूण. चित्रकाराचं मौन इथं बोलतं."

"मौन न्हाय ओ, घासाघीस हाय ती," मी म्हणालो. "दुसऱ्या हाताचं पैसं मी दिलंच न्हाईत. आणि ही अनामिक न्हाय, माझी आई हाय. चिठ्ठी बदला, न्हायतर चित्र आत्ता उतरवतो."

संयोजक धावत आले. "दादा, हळू. नाव घातलं की चित्र जरा घरगुती वाटतं हो."

"घरगुतीच हाय! घरातनंच न्हेलंय की तुम्ही!"

मी फ्रेमला हात घातला. आईचा चेहरा नीट दिसेल असा जगात त्या एकाच ठिकाणी होता, आणि तिथंच हे तिचं नाव पुसत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून चित्रकाराची बायको उठली.

"थांबा पावणं. चिठ्ठी बदलायची तर नीट बदला. तुमच्या फोटोत आईचं हात दिसतच नव्हतं. चित्रात हाय त्यो हात माझा. तीन दिस चूल सोडून बसलोतो मी, मांडीवर हात ठिवून."

समीक्षक शेजारच्या निसर्गचित्राकडं सरकले.

मी म्हणालो, "बरं, आईचं नाव वर, तुमचं खाली."

"का? चेहरा पेराएवढा आणलासा, हात आख्खा माझा. हात वर."

बाजारात मी भलेभले वाकवलेत. ही बाई काही वाकेना. शेवटी मीच फ्रेम सोडली आणि संयोजकाकडं पेन मागितलं. पहिल्या ओळीत तिचं नाव, हात. दुसऱ्या ओळीत आईचं नाव, चेहरा.