दोन पालख्यांची तुळसा

साकवली महाड तालुक्यात आणि पिंपळकोंड पोलादपूर तालुक्यात. मधे एक ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला कँप. इथे धरण होणार म्हणून सरकारने कधीकाळी ही जागा घेतली होती. साहेबांसाठी बंगले आणि मजुरांसाठी चाळी उभ्या राहिल्या. धरण काही झालं नाही. साहेब गेले, मजूर गेले, उरलेली दारं-खिडक्या लोकांनी काढून नेली. मागे राहिली ती भटारखान्याची खोली आणि तिच्यात तुळसा.

तुळसा कँपावर स्वयंपाकाला होती आणि तिचा नवरा रामा राखणदार. जाताना साहेबांनी रामाला सांगितलं, "जरा लक्ष ठेव, आम्ही परत येतोय." लक्ष ठेवता ठेवता रामा काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरचं घर माणगावकडे, ते दिराने केव्हाच विकून टाकलेलं. तुडीलला भाऊ होता, किशोर. पण भावाकडे कायमचं जायचं म्हणजे रोज भावजयीच्या तोंडाकडे बघत जेवायचं. तुळसा गेली नाही. कँपाची मोठाली पातेली, कढया, झारे तिच्या ताब्यात होते. दोन्ही गावांतल्या लग्नाबारशांना ती रांधायला जाई, आणि एकट्या जिवाचं त्यात भागत असे.

कँपाची जागा आता सरकारला नको झाली होती. तेव्हा दोन्ही ग्रामपंचायतींचा तिच्यावर डोळा गेला. साकवलीला तिथे आठवडा बाजार भरवायचा होता, पिंपळकोंडला मैदान करायचं होतं. अर्ज गेले, तक्रारी गेल्या, ओढ्यावर हाणामारीही झाली. पुढे पुढे दोन गावांतल्या सोयरिकीसुद्धा थांबल्या. तुळसाच्या डोक्यावरचं छप्पर याच भांडणावर टिकून होतं. पण हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

या भागात शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर जाते. ज्या दारात पालखी थांबते आणि जिथली बाई तिची ओटी भरते, ते घर त्या गावाचं. एका घराने एकाच पालखीची ओटी भरायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. रामा गेल्यानंतरच्या शिमग्यात पिंपळकोंडची पालखी ढोल वाजवत तुळसाच्या दारात आली. आजवर कँपावर पालखी कधी आली नव्हती. तुळसाला भरून आलं. आपल्यालाही कुणी माणसांत धरलं म्हणून तिने घाईघाईने तांदूळ, नारळ, खण काढला आणि ओटी भरली. दोन दिवसांनी साकवलीची पालखी आली. आता दारात आलेल्या देवीला परत कसं पाठवायचं? तिने तिचीही ओटी भरली.

मग दर वर्षी तेच. दोन्ही पालख्या वेगवेगळ्या दिवशी यायच्या. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या गावांना कोण कशाला सांगतंय, असं तुळसाला वाटे. पण दोन्ही गावांना सगळं ठाऊक होतं. पालखी तिच्यासाठी येतच नव्हती. जिथे आपली पालखी थांबते ती जमीन आपली, एवढ्यासाठी ती येत होती.

एका आषाढात पिंपळकोंडच्या वरच्या अंगाला कडेवाडीवर डोंगर आला. अर्धी वाडी मातीखाली गेली. उरलेली माणसं खाली शाळेत आणून ठेवली. कडेवाडीत साकवलीच्याही लेकी पूर्वी दिलेल्या होत्या, त्यामुळे रडायला दोन्ही गावं आली. एवढ्या लोकांचं रांधायचं कुठे, तर भांडी तुळसाकडे. तिने चूल पेटवली ती विझू दिली नाही. एका गावाने तांदूळ टाकले, दुसऱ्याने डाळ आणि लाकडं. आवडी नावाची एक तरुण बाई होती. तिची सासू आणि धाकटा दीर सापडलेच नव्हते. ती काही खात नव्हती, तेव्हा तुळसाने तिला चुलीजवळ बसवून भाताची पेज पाजली.

त्याच भटारखान्याच्या ओट्यावर, तुळसाच्या हातचा चहा पीत, दोन सरपंच बऱ्याच वर्षांनी एकमेकांशी बोलले. साकवलीच्या राजश्रीताई म्हणाल्या, "अरविंददादा, बाजार राहू दे नि मैदानही राहू दे. या लोकांना इथंच घरं देऊ या." पिंपळकोंडचा अरविंद मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "तुमी सही करत असाल तर मी आत्ता करतो." ते ऐकून तुळसाने डोळ्यांना पदर लावला. आपल्या चुलीपाशी हे घडलं, याचा तिला अभिमान वाटला. दोन्ही गावं आता एक झाली, म्हणजे आपल्याला एकाऐवजी दोन माहेरं झाली, असंच तिने धरलं.

पुढे दोन्ही पंचायतींचे ठराव झाले. कडेवाडीला घरं, दोन्ही गावांत मिळून पाण्याची एक टाकी, एक स्मशानशेड. वरूनही होकार आला. मग कँपावर दोन्ही गावांची एकत्र सभा भरली. पिंपळकोंडचा ग्रामसेवक नागसेन उभा राहिला. "जागेवर कुणी राहत नाही, असं दोन्ही पंचायतींनी लिहून द्यायचंय. आणि इथं तर तुळसाबाई राहतात. कुठल्याही एका गावानं त्यांना आपलं म्हटलं, तर कडेवाडीच्या घरांत त्यांचंही एक घर बसवता येईल. आज ठरवा, पुन्हा जमायचं नाही."

साकवलीच्या गावकीतला म्हातारा सयाजी म्हणाला, "त्यात काय ठरवायचंय? काय गो तुळसा, आमच्या पालखीची ओटी भरतेस ना?"

"भरते की."

पिंपळकोंडच्या बाजूने भिकू ओरडला, "आनि आमच्या?"

तुळसा हळूच म्हणाली, "तुमच्यापन."

सभा हसली. "दोन घरची पाव्हनी गो तू!" कुणीतरी म्हणालं. "जेवनाची हाक आली की तिकडं."

नागसेन हसला नाही. तो तिच्या जवळ आला. "मावशी, कुठल्याही एका गावाचं नाव घ्या. एवढंच करा."

तुळसाने साकवलीकडे पाहिलं, पिंपळकोंडकडे पाहिलं. एकीचं नाव घ्यायचं म्हणजे दुसरीला सगळ्यांसमोर नाही म्हणायचं. जिच्या ओटीत आपल्या हाताने नारळ घातला, तिला नाही कसं म्हणायचं? आणि त्या गावात उद्या कुठल्या तोंडाने रांधायला जायचं?

"मी दोघींची हाय," ती म्हणाली.

नागसेनने डोळे मिटून घेतले. राजश्रीताई अरविंदकडे बघायला लागल्या.

"बरोबर बोलली," अरविंद म्हणाला. "एकट्या गावावर भार कशाला? दोघं मिळून बघू."

"मिळूनच बघू," राजश्रीताई म्हणाल्या.

सभेने टाळ्या वाजवल्या. तुळसानेही हात जोडले.

मिळून बघायचं म्हणजे कुणी बघायचं, हे कुठेच लिहिलं गेलं नाही. तुळसा साकवलीत गेली की राजश्रीताई म्हणत, "पिंपळकोंडवाल्यांनी सुरुवात करायला हवी हो, वाडी त्यांची." पिंपळकोंडात गेली की अरविंद म्हणे, "काकी, तुमची खोली ओढ्याच्या त्या अंगाला, साकवलीच्या हद्दीत." नागसेनची बदली झाली. जागेवर कुणी राहत नाही, असं दोन्ही पंचायतींनी लिहून दिलं. यात मात्र उशीर झाला नाही.

जेसीबी आला त्या दिवशी दोन्ही गावची पोरं तिचं सामान उचलायला आली. सगळी हसतमुख, हळू हाताने उचलणारी. कुणी वाईट बोललं नाही. भांडी दोन्ही गावांच्या समाईक मालकीची झाली. किशोर टेम्पो घेऊन आला होता. तुडीलला त्याच्या घरामागे लाकडं ठेवायची पडवी होती. तिच्या अर्ध्या भागात तुळसाची खाट पडली. आता तिला रांधायला कुणी बोलवेना. भावजय ताट पुढे सरकवून आत निघून जाई.

घरं उभी राहिली. शिमग्यात दोन्ही पालख्या पहिल्यांदाच एकाच दिवशी कँपावर येणार आणि तिथे भेटणार, असं ठरलं. तुळसा एक नारळ घेऊन सकाळच्या एसटीने निघाली.

केवढी गर्दी होती! दोन्ही गावांचे ढोल एका तालावर वाजत होते. पालख्या एकमेकींना टेकल्या तेव्हा म्हातारी माणसं रडली. मग त्या घरोघर निघाल्या. तुळसा भटारखान्याची जागा शोधत गेली. तिथे आता निळ्या दाराचं घर होतं, आणि दारात आवडी तबक घेऊन उभी होती. तुळसाला बघताच ती पायरी उतरून धावत आली.

"मावशी! या ना वर. तुमच्याच चुलीवर बसलंय घर माजं. पयली ओटी तुमी भरा."

पालख्या दारात आल्या. भोई थांबले. सयाजी म्हणाला, "भर गो तुळसा, आता दोन्ही एकदमच भर!" या वेळी कुणी हसलं नाही.

तुळसाने नारळ पिशवीतून काढला, हातात धरला, आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

"ज्याचं घर त्यानं भरायची गो," ती आवडीला म्हणाली. "तुझं हाय. तू भर."

ती बाजूला झाली. आवडीने रडत रडत ओटी भरली. ढोल पुढच्या घराकडे सरकले. तुळसाने लांबूनच दोन्ही देवींना हात जोडले आणि उन्हातून रस्त्याकडे चालू लागली. नारळ पिशवीत तसाच होता. तुडीलला पोचल्यावर तिने तो भावजयीच्या हातात दिला.

"प्रसाद का?" भावजयीने विचारलं.

"नाय," तुळसा म्हणाली. "कालवणात घाल."