काकांचा उलटवलेला कोट

पूल मागे पडला, तरी कोर्टाची इमारत दिसायचं नाव घेत नव्हती. मावशी पुढे, भाची मागे. थोरल्या बहिणीचे उतरलेले बूट भाचीच्या टाचांना चावत होते. मावशी मात्र अशी तरातरा चालली होती, जणू पलीकडे कुणी तिच्यासाठी ताट वाढून बसलंय.

“मावशी, बसने गेलो असतो तर?”

“कोट चुरगळला असता.”

“आणि माझ्या पायांचं काय?”

“पायांना इस्त्री लागत नाही, बडबडे. चल.”

बसच्या तिकिटाला पैसे नव्हते हे दोघींनाही ठाऊक होतं. पण मावशी असलं काही तोंडाने म्हणणारी नव्हती. आज कोर्टात तिला नेमकं तेच म्हणायचं होतं, म्हणून तर ती भाचीला सोबत घेऊन निघाली होती.

मावशीचं आणि काकांचं रस्त्यालगत शिवणकामाचं दुकान होतं. एकच खोली. दाराशी मशीन, मागे कापड बेतायचं लांब टेबल. काका बेतायचे, मावशी शिवायची, आणि दिवसभर दोघांची तोंडं मशीनपेक्षा जोरात चालायची. शाळा सुटली की भाची टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करी. डोक्यावर कात्रीची कर्रकर्र, खाली खडूची भुकटी. पुढे आयुष्यात तिला पुष्कळ चांगल्या खोल्या मिळाल्या, पण तसं छप्पर काही मिळालं नाही.

काका गेले आणि धाकट्या दिराने खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. मशीनही आतच. दावा लावायचा तर खोलीच्या किमतीवर फी भरायची, आणि कमाई तर कुलपाच्या आत. मोफत मिळालेल्या वकीलताईंनी आधी फी माफ करण्याचा अर्ज केला. तो फेटाळला गेला, तर दाव्याचं दार तिथेच बंद. मावशीने सही केली, पण “मी निर्धन आहे” ही ओळ काही मोठ्याने वाचली नाही.

“उद्या साधेच कपडे घालून या हं,” वकीलताईंनी बजावलं होतं.

मावशीने मान डोलावली आणि घरी येऊन कोटाला इस्त्री केली. भाचीच्या आईने टोकलं, “अगं, साधे म्हणाल्या ना त्या?”

“साधाच आहे. न्याय मागायला जायचं आणि गबाळं जायचं? देवासमोर जाताना तोंड धुतो ना आपण?”

कोर्टाच्या दाराशी मावशीने डोळे मिटून हात जोडले. आत गेल्यावर दिराच्या वकिलाने तिला खालून वर न्याहाळलं.

“साहेब, बाईंकडे फी भरायला पैसे नाहीत म्हणे. जरा कोट बघावा. असा कोट माझ्या घरच्यांनाही परवडत नाही!”

बाकांवर खसखस पिकली. दीर तर तोंडावर रुमाल धरून हसला. वकीलताईंनी कपाळावर हात मारायचाच बाकी ठेवला.

“कोट कुठून घेतलात, बाई?” न्यायाधीशसाहेबांनी विचारलं.

“घेतला नाही. शिवला.”

“कापड?”

जमिनीकडे बघत मावशी म्हणाली, “ह्यांच्या जुन्या कोटाचं.”

“जुनं? हे?” वकील हसला.

मग मावशीने कोट काढला. खालच्या कडेची शिवण दातांनी तोडली, अस्तर बाह्यांपर्यंत वर केलं आणि कोट साहेबांच्या टेबलाशी नेला. आतून कापड विटलेलं, कोपरांशी घासून गुळगुळीत झालेलं. तिने तो सगळा उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवला होता.

“उलटवला, साहेब. पुरुषाचा कोट उलटवला की बटणांची बाजू बदलते, बाईला चालतो. त्यांचा छातीवरचा खिसा तेवढा उजवीकडे आला, तो रफू केला.”

आणि अस्तर! जत्राच भरली होती तिथे. छत्रीचं काळं कापड, उशीचा अभ्रा, काकांच्या शर्टाचे तुकडे. आणि मधोमध भाचीला स्वतःचा शाळेचा फ्रॉक दिसला, शाईच्या डागासकट. कोट काढलेली मावशी विरलेल्या ब्लाउजमध्ये उभी होती, दंडाशी ठिगळ. भाचीने तिला तशी कधी पाहिली नव्हती. दिराच्या तोंडावरचा रुमाल हळूच खिशात गेला. त्या कोटाचं कोपर त्यानेही ओळखलं असावं.

“घाला तो कोट, बाई,” साहेब म्हणाले. “अर्ज मंजूर. दावा दाखल करून घ्या.”

वकीलताईंनी तिचे हात धरले. मावशी म्हणाली, “तुमचं ऐकलं नाही मी. रागावू नका.”

खोली मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. मिळाली तेव्हा मशीनला गंज चढला होता. पण भाचीच्या मनात राहिला तो परतीच्या वाटेवरचा, पुलाजवळचा बाक. मावशीने कॉलरच्या आत खोचलेली सुई काढली, कोट मांडीवर घेतला आणि लोंबणारी कड शिवायला बसली. मग नाक ओढून म्हणाली, “सगळ्यांसमोर उसवायला लावलं गं. त्यांचं कोपर दाखवलं मी लोकांना.”

“मावशी, किती सुंदर शिवलंयस! मी निबंध लिहीन ह्याच्यावर.”

“आलीस का निबंधावर!” मावशीला हसू फुटलं. तिने दोरा दातांनी तोडला, कड बोटाने दाबून सपाट केली.

“लिही बाई. पण नाव घालू नकोस माझं. एक शिवणारी बाई होती, एवढं पुरे. गरीब होती हेही लिही, आता लपवायचं काय राहिलं? पण अस्तराचं लिहिशील तेव्हा एवढं मात्र आठवणीने लिही, की आतली शिवणसुद्धा सरळ होती.”