पंप वाढवला

मी खराडीच्या ऑफिसातून आयसीयूबाहेर पोचायचो, तेव्हा एक बाई बाक पदराने पुसत असायची. मांजरी गावात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. "दुकान वाढवूनच आले," म्हणायची. आत तिचा नवरा आणि माझा भाऊ. दोघांच्याही हृदयाची उजवी बाजू थकलेली, फुफ्फुसांकडे रक्त ढकलायला दोघांनाही पंप लावलेला.

एकदा ती डोळे पुसत बाहेर आली. "पंप वाढवला."

म्हणजे तब्येत आणखी बिघडली, असं समजून मी धीर देऊ लागलो.

ती हसलीच. "अवो, काढला! आता त्यांचं हृदय आपलं आपण चालतंय. नवऱ्याच्या पंपाला 'बंद केला' कसं म्हनू?"

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना विचारलं, "आमचा कधी वाढवणार?"