पिठावरचं पाऊल

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या पणजीने तुमच्यातल्या थोरलीच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि त्या म्हणाल्या, "माझं लेकरू माघारी येऊन राहिलंय." तुम्ही सगळे हसलात. मी फोन त्यांच्या हातात ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेले डबे पुन्हा पुसत बसले. त्या बोलण्याच्या मुळाशी माझं एक खोटं आहे. बाळ यायच्या आत ते तुम्हाला सांगायला हवं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्हाला विमानं मिळाली नाहीत, म्हणून आमच्या घरातली ही रीत तुम्ही पाहिलेली नाही. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे माणसाचा प्राण गेला त्या जागी ज्वारीचं पीठ चाळून पसरतात आणि शेजारी दिवा ठेवतात. सकाळी पिठावर काय उमटलं ते घरातली मोठी माणसं पाहतात. पाखराचा पंजा, जनावराचा खूर, माणसाचं पाऊल, जे दिसेल त्या जन्माला गेलेला माणूस गेला असं समजायचं. आजोबा लातूरच्या आपल्या घरी, हॉलमध्ये खिडकीजवळ गेले. तिथेच पीठ पसरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी पाचला उठले. चाळीस वर्षं उठल्याबरोबर हॉलची फरशी पुसायची ही माझी सवय. डोळे सुजलेले, डोकं बधिर. बादली भरली, फडकं पिळलं आणि पुसत खिडकीपर्यंत गेले. पाणी पांढरं झालं तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे तुमची पणजी, आतल्या खाटेवरून म्हणाल्या, "काय उमटलं गं?"

गावाकडून त्या दहा दिवस माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या आणि दहा दिवसांत धड जेवल्या नव्हत्या. पोटचा मुलगा त्यांच्याआधी गेला होता. मी ओल्या फरशीवर बसून म्हणाले, "माणसाचं पाऊल, आत्याबाई. लहान बाळाचं."

"उजवं का डावं?"

"उजवं."

त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून खाल्ली.

मला वाटलं, झालं ते झालं. पण त्यानंतर माझं मन एका जागी ठरेना. पुस्तक घेतलं की चार ओळींवर उठायचं, चहा टाकला की गॅस बंद करून गॅलरीत जायचं. ते खरंच कुठे गेले असतील? पाऊल होतं तरी का? असेल तर कोणाचं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि स्वतःच्या घरातली एक ओळ मी न वाचता पुसली होती.

शेवटी अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेड गाठलं. तिथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई माझ्या मैत्रीण झाल्या. त्या बौद्ध आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठं चित्र टांगलंय, हे मला आठवत होतं. एक अक्राळविक्राळ प्राणी दातांत आणि नखांत चाक धरून उभा आहे, आणि चाकात सहा लोक, म्हणजे मेल्यावर जिथे जन्म मिळतो अशी सहा जगं आहेत. देव, असुर, माणसं, जनावरं, प्रेत, नरक.

मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. "मॅडम, पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो तरी काढायचा!"

"थट्टा करू नका. तुमच्यात काय म्हणतात ते सांगा."

"आमच्या घरात कोणी हे मानत नाही. भाचीने लडाखहून आणलं, रंग आवडले, म्हणून लावलं. आणि बुद्ध तर आत्मा इथून तिथे जातो असं म्हणतच नाहीत. एका दिव्यावर दुसरा लावला, तर पहिल्यातून काय उठून गेलं, सांगा?"

"मग पिठावर पाऊल कोणाचं उमटतं?"

"झुरळाचं," त्या म्हणाल्या आणि चहा आणायला उठल्या.

मी चित्राजवळ गेले. प्रेतांचं, म्हणजे त्या कायम तहानलेल्या भुतांचं, पोट घागरीएवढं आणि गळा सुईसारखा. समोर पाणी आहे, पण घोट उतरत नाही. शेवटच्या महिन्यात आजोबांना मी चमच्याने पाणी पाजायचे आणि ते ओठांच्या कडेने परत यायचं. मला तिथून हलता येईना. मैत्रिणीने येऊन त्या भागावर सरळ तळहात ठेवला. "हे नका बघू. वर बघा."

वर देव होते. दागिने, बागा, वीणा. "यांनाही मरण आहे बरं का," त्या म्हणाल्या. "आधी गळ्यातले हार कोमेजतात, कपडे मळतात, काखेत घाम येतो, अंगाचं तेज जातं. आणि शेवटी आपल्याच आसनावर मन रमत नाही."

आजोबांनीही शेवटी शेवटी आरामखुर्ची दिवसातून दहा वेळा हलवायला लावली होती. आणि आता मी तेच करत होते. एसटीत परत येताना मी तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एका जागी बसा की."

मग थोरलीची बातमी आली आणि आत्याबाईंनी ते बाळ माझ्या खोट्याला जोडून टाकलं. नावही ठरवलं. वर्षश्राद्धासाठी त्या सध्या माझ्याकडेच आहेत. कॉलनंतर मला राहवेना. काल दुपारी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

त्यांनी पाय माझ्याजवळून आखडून घेतले. मग म्हणाल्या, "पोरांच्या चुकांवर लाल शाई मारणारी मास्तरीण तू. अन् मला वरीसभर झुलवलंस?"

"हो."

"आज सांजच्याला पुन्हा पीठ टाक."

"वर्ष होऊन गेलं, आत्याबाई."

"टाक म्हणते ना!"

मी टाकलं. आज पहाटे उठून हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभी राहिले. पीठ कोरं होतं. मुंगीसुद्धा फिरली नव्हती. मागून काठी टेकत आत्याबाई आल्या. मोतीबिंदूने त्यांना खालचं दिसत नाही. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांचा पाय पिठात पडला होता.

"काय उमटलं?"

वयाने आकसलेलं ते पाऊल खरंच लहान मुलाएवढं दिसत होतं. 'बाळाचं' एवढा एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं.

"माणसाचं पाऊल आहे. पण ते तुमचं आहे. बाकी काही उमटलं नाही."

"माजं?" त्या वाकून बघत राहिल्या. पिठाने माखलेली बोटं हलवली. "म्हंजे मी हितंच हाय आजून."

"हो."

"मग च्या टाक." दोन पावलं जाऊन पुन्हा थांबल्या. "थोरलीला म्हणावं, माज्या बोलण्याचं ओझं घेऊ नगं. नाव तिला पायजे ते ठेवू दे. पर लेकराचे कान बघून घे म्हणावं. माज्या लेकाचे लई फाकलेले व्हते."

पीठ अजून तसंच आहे. हे लिहिताना मी तीनदा उठून त्याच्यापर्यंत जाऊन आले. आत्याबाई खुर्ची खिडकीजवळ ओढून तिथेच बसल्यात, आणि मी उठले की काठी आडवी धरतात.