बुधाजीभाऊंची शिकवणी

अमरावतीत जमात पडताळणीच्या कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे हुशार माणसं बरीच पाहिली, पण बुधाजीभाऊ कास्देकरांसारखा वस्ताद एकच. अकोट तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं कोरकू आदिवासींचं गाव. स्वतः दहावी नापास, तरी गावातल्या अकरा पोरापोरींच्या शिष्यवृत्तीचे कागद त्यांनी एकट्याने मार्गी लावले. नवखे लोक त्यांनाच साहेब समजून अर्ज पुढे करतात आणि भाऊही खुशाल चुका काढतात.

यंदा पाळी घरची होती. मुलगी प्रतीक्षा हिला अकोल्याला नर्सिंगची राखीव जागा मिळाली होती. दिलेल्या मुदतीत जमातीचं वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर जागाही जाणार आणि शिष्यवृत्तीही. फी पदरची भरणं भाऊंना बापजन्मी शक्य नव्हतं.

प्रमाणपत्राआधी चौकशीला साहेब घरी येतात. देव कोणते, लग्न कसं लावता, असं विचारून माणूस खरंच त्या जमातीचा आहे का ते पाहतात. भाऊंनी महिनाभर घरात शिकवणी घेतली आणि उत्तरं पुस्तकी मराठीत पाठ करून घेतली. बायको मनकर्णाबाई उत्तरं विसरायच्या आणि उलट यांच्याच चुका काढायच्या. म्हणून त्यांना ताकीद मिळाली, साहेब आले की चहा ठेवायचा आणि तोंड उघडायचं नाही. सरकारी माणसासमोर कोरकू बोलायचं नाही, हा तर भाऊंचा जुना नियम. लहानपणी शाळेत ते गुरुजींपुढे एकदा बोलले आणि अख्खा वर्ग हसला होता. माझ्या दुकानात घरचा फोन आला तरी ते मराठीत बोलायचे, तेही कुजबुजत.

चौकशीला कोणी येईना, तेव्हा भाऊ अमरावतीला विचारायला आले. कचेरीत उत्तर मिळालं, साहेब आज सकाळीच तुमच्या गावाला गेले.

भाऊ माझ्या स्टुलावर येऊन बसले ते बसलेच. मला हसू आवरेना आणि हसल्याची लाजही वाटली.

"मनकर्णा सारं बिघडवते आता," ते म्हणाले.

दुपारी प्रतीक्षाचा फोन आला. यंत्राच्या आवाजात भाऊंना ऐकू येईना, म्हणून मीच स्पीकर लावून दिला.

"बाबा, तुमी शिकवलं तसं मी धडाधड म्हटलं. सायबानं पेनच खाली ठेवला. हे पाठ केलेलं दिसते म्हणाले. मंग आई भडकली."

मनकर्णाबाई चूल सोडून उठल्या होत्या. आपलं लग्न असं लागतच नाही, म्हणून त्यांनी पोरीला साहेबांदेखत कोरकूतून फैलावर घेतलं. साहेबांना थोडीफार कोरकू येत होती. त्यांनी पेन उचलला आणि मनकर्णाबाईंना तासभर प्रश्न विचारले. चहा मात्र शेवटपर्यंत झालाच नाही.

"जाताना साहेब काय म्हणाले?" भाऊंनी घाबरत विचारलं.

"म्हणाले, असं बोलणं शिकवून येत नाई."

भाऊंनी फोन ठेवला. डोळे पुसले आणि माझ्या टोनरच्या धुळीवर खापर फोडलं.

मुदतीच्या चार दिवस आधी प्रमाणपत्र हाती आलं. त्या दिवशी भाऊ मनकर्णाबाईंना घेऊन दुकानात आले. किती प्रती काढायच्या यावरून दोघांची जुंपली, भर काउंटरवर, मोकळ्या आवाजात, कोरकूत. मागे कचेरीतला कारकून फाईल घेऊन खोळंबला होता. भाऊंनी त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि भांडण पुढे चालू ठेवलं.