अंगणातली जाळी

गल्लीतले सगळे तिला आत्या म्हणत, खोलीवर येणारे पाहुणे मावशी म्हणत. नवऱ्यामागे घराची पुढची खोली पर्यटकांना देऊन तिने संसार ओढला होता. आता गुडघे बोलायला लागले होते. पाणी भरायचं, चादरी धुवायच्या, पाहुण्यांची चूळ भरायची जागासुद्धा आपणच घासायची, हे तिच्याने होईना.

शहरात मुलीकडे मागची खोली रिकामी होती. पण जावयाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. घर विकायचं आणि ताठ मानेने जायचं. त्यात जावयाच्या धाकट्या भावाला शहरात नोकरी लागली होती. महिनाअखेर आत्या आली नाही, तर खोली त्याला जाणार होती.

गिऱ्हाईक मात्र ठरल्यासारखंच होतं. बँकेतला एक साहेब दर वर्षी बायकोला घेऊन यायचा, ओसरीवर पाय पसरून समुद्राकडे बघायचा आणि निघताना म्हणायचा, "मावशी, घर काढलंत तर आधी मला सांगा. निवृत्त झालो की इथेच." असं सगळेच पाहुणे म्हणतात, परतीच्या गाडीत बसले की विसरतात. हा विसरला नाही. यंदा निवृत्त झाल्या झाल्या त्याने स्वतःहून फोन केला, की येतोय, बोलून टाकू.

आत्या कामाला लागली. पहिली अडचण अंगणाची. किनाऱ्यावर सगळीकडे वाळू. हे अंगण तेवढं टणक, सपाट आणि वाऱ्याच्या तोंडावर. नवऱ्याच्या वेळेपासून शेजारच्या होडीची जाळी इथेच वाळायची, इथेच शिवली जायची. ती होडी चालवणाऱ्या तांडेलाला तिने सांगितलं, "जाळी उचल. घर दाखवायचंय."

"घर दाखवायचंय का मुलगी?"

"मुलगीच समज."

"मग मिशा काढायलाच हव्यात," म्हणत त्याने कुरकुरत जाळी बर्फाच्या कारखान्यामागे नेली. आत्याने अंगण झाडलं, भिंतींना चुना मारून घेतला. मुलीच्या कॉलनीतली घरं दिसतात तसं घर दिसायला लागलं.

साहेब आला, बॅग खाली ठेवली आणि अंगणाकडे बघतच राहिला.

"मावशी, जाळी कुठे गेली?"

"काढली. म्हटलं, तुम्हाला स्वच्छ बरं."

"अहो, जाळ्यांसाठीच तर हे घर."

त्याची बायको म्हणाली, "यांनी अंगणाचा फोटो दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, हे आमचं व्हायचं घर. आता कुणाला काय दाखवणार?"

आत्या निमूटपणे तांडेलाकडे गेली. "आण परत."

"नवऱ्याला मिशाच आवडतात वाटतं," तो म्हणाला. पण जागेची त्यालाही गरज होती. दुसऱ्या सकाळी त्याने समुद्रावरून आणलेली जाळी थेट अंगणात पसरली. ओली, चिखलाची, दोऱ्यांत माशांचे तुकडे अडकलेली. मागोमाग कावळे आले, मांजरं आली, माश्यांचं तर विचारूच नका. पुढच्या पहाटे ओसरीसमोर आरडाओरडा करत माणसं जाळी घेऊन गेली आणि दिवस वर आल्यावर पुन्हा तशीच टाकून गेली.

तिसऱ्या दिवशी साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "मावशी, दर वर्षी असा वास नसतो हो."

आत्याला आधी कळेचना. वास? तिच्या नाकाला तो कधीचाच लागत नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला. हा दर वर्षी मेअखेरीस सुट्टीत यायचा, म्हणजे नेमका पावसाळी बंदीच्या तोंडावर, मासेमारी थांबलेली असते तेव्हा. होड्या वर ओढलेल्या, जाळी धुऊन खडखडीत वाळलेली, माणसं निवांत शिवत बसलेली. निवृत्त झाल्यामुळे यंदा त्याला सुट्टीची वाट बघायची गरज पडली नव्हती.

ती काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती. पण शिवायच्या जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून बसलेला तांडेल मान वर न करता म्हणाला, "बंदीचे दिवस सोडले साहेब, तर वर्षभर हेच."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता.

साहेबाने चहा पिताना तोडगा काढला. ओली जाळी कारखान्यामागे वाळवावीत आणि कोरडी झाली की इथे आणावीत.

"कशाला?" तांडेलाने विचारलं.

"बघायला बरं वाटतं."

"ठेव की रे," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"आत्या, जाळी आहेत ती, पडदे नाहीत."

साहेब दोन दिवस आधीच निघाला. गाडीत बसताना त्याने आत्याचा हात हातात घेतला. "मनातून उतरलेलं नाही हं मावशी. पुढच्या वर्षी बंदीच्या वेळी येऊ, निवांत बोलू. तोवर घर कुणाला देऊ नका. आणि तुम्ही इथेच असा. तुमच्याशिवाय इथे मजा नाही."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "झालं का गं?"

"पुढच्या वर्षी बघतो म्हणाला."

"आई, तू अशीच ये ना. कोण काय म्हणणार आहे?"

"मी म्हणणार आहे."

"मग खोलीचं भाऊजींना हो सांगू?"

अंगणात तांडेलाची माणसं उद्यासाठी जाळी गोळा करत एकमेकांवर खेकसत होती. मुलगी तिकडून 'हॅलो, हॅलो' करत होती.

"सांग," आत्या म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून अंगणातल्या माणसांवर ओरडली, "जरा हळू बोला रे."

कुणी हळू बोललं नाही.